सुपरमॅनचे कापड

माझे वडील नागपुरातल्या एका कापड गिरणीत मागावर होते. घरी कोणी नवा सदरा घालून आला, की ते आधी त्याची बाही दोन बोटांत धरून चोळत आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहत. आईला याची फार लाज वाटे. पण वळण उतरतेच. पुढे मला जुने चित्रपट आणि चित्रकथा यांचा नाद लागला. कोणत्या विद्यापीठात हे शिकलो नाही. नोकरी सांभाळून मिळेल ते वाचले, पाहिले, वह्यांत टिपले. तरी पडद्यावर माणूस आला की आजही माझी नजर पहिल्यांदा त्याच्या कपड्यावर जाते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. मी तो नागपुरात दुपारच्या खेळाला पाहिला. प्रेक्षक पंधरा-वीस. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी स्वतःच्या हिकमतीवर काढलेल्या चित्रपटांची, विशेषतः ‘मालेगाव का सुपरमॅन’ची ही कहाणी. घरी आल्यावर मी फैझा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पुन्हा लावला. त्यात नट नाहीत, खरी माणसे आहेत. खरा शफीक आहे. यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा पोरगा, अंगावर निळा पोशाख, पाठीवर लाल कापड, वरून घातलेली चड्डी, आणि त्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे.

त्या नाडीला सगळे हसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीही हसलो होतो. या वेळी मात्र मी तिथेच चित्र थांबवले. ज्या गावात रात्रंदिवस कापड विणले जाते, त्या गावातल्या सुपरमॅनला धड पोशाख का मिळाला नाही? प्रश्न साधा होता. त्याचा धागा धरून मागे जात राहिलो, तेव्हा मी अमेरिकेतल्या एका शिंप्याच्या घरी पोहोचलो. तिथून परत येताना माझी खात्री झाली, की मालेगावचा सुपरमॅन ही मूळ सुपरमॅनची थट्टा नव्हे. मूळ सुपरमॅन ज्या घरातून निघाला होता, तशाच घरात तो सत्तर वर्षांनी परत आला, इतकेच.

शिंप्याचा मुलगा आणि जुन्या कपड्यांच्या दुकानदाराचा मुलगा

जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघांचाही जन्म १९१४ चा. दोघेही युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. शुस्टरचे वडील शिंपी. टोरांटोतले बस्तान गुंडाळून ते अमेरिकेत क्लीव्हलँडला आले. सीगलच्या वडिलांचे क्लीव्हलँडमध्येच जुन्या कपड्यांचे दुकान होते. १९३२ मध्ये त्या दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत सीगलचे वडील गेले. त्याच सुमारास, महामंदीच्या ऐन कडाक्यात, ही शाळासोबती पोरे एका अचाट शक्तीच्या माणसाची गोष्ट रचू लागली होती. वडिलांचा मृत्यू आणि गोळी न लागणारा नायक यांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. सीगल स्वतः त्याबद्दल फारसे बोलले नाहीत, म्हणून मीही तो ताणत नाही. कापडाचा संबंध मात्र समोर दिसतो. शुस्टरकडे चित्रे काढायला कागद नसे; तो पुडे बांधायच्या कागदावर आणि भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर चित्रे काढी. आणि त्याने आपल्या नायकाला जे दिले ते काही यंत्र नव्हे, हत्यार नव्हे. त्याने त्याला कपडे दिले.

आपल्याकडच्या महाबलींची ओळख गदेने, धनुष्याने, वाहनाने होते. सुपरमॅनची ओळख पोशाखाने होते. तंग विजारीवरून चड्डी घालायची पद्धत शुस्टरने त्या काळच्या सर्कशीतल्या पहिलवानांवरून उचलली. क्लार्क केंट चष्मा काढतो, सदरा उघडतो, आणि दुसराच माणूस होतो. शिंप्याच्या पोराला हे ठाऊक असणारच, की माणूस तोच राहतो, कापड बदलले की जग त्याच्याकडे वेगळे पाहते.

१९३८ च्या मार्चमध्ये या दोघांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. दोघांत वाटून ६५-६५. जूनची तारीख घातलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो छापला गेला आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. फारसे माहीत नाही ते हे, की त्या पहिल्या वर्षातला सुपरमॅन कोणाशी लढत होता. त्याच्यापुढे परग्रहावरचे राक्षस नव्हते. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आदळतो आणि निरपराध बाईला मृत्युदंडापासून वाचवतो. तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला त्याच्या श्रीमंत पाहुण्यांसकट त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवतो, म्हणजे मजुरांचा जीव कसा टांगणीला लागतो ते त्याला कळावे. आठव्या अंकात तो एक गलिच्छ वस्ती पाडून टाकतो, कारण पडल्याशिवाय सरकार तिथे चांगली घरे बांधणार नाही. तो तेव्हा उडतही नव्हता. लांब उड्या मारी. उडणे पुढे आले, कारण १९४१ च्या व्यंगपटांत पुन्हापुन्हा उड्या मारणारा माणूस बरा दिसेना.

पाहता पाहता हा वस्तीतला पोरगा कंपनीचा झाला. खाणमालक आणि घरमालक त्याच्या गोष्टींतून मागे पडले. त्याला जन्म देणाऱ्यांचेही नाव गाळले गेले; हक्कांसाठी ते कोर्टात गेले आणि हरले. शुस्टरची दृष्टी अधू झाली. सीगलने सरकारी खात्यात कारकुनी केली. १९७५ मध्ये, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याची तयारी चालू असताना, सीगलने वर्तमानपत्रांना पत्रे लिहून गाऱ्हाणे मांडले. तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २० हजार डॉलर ठरले आणि त्यांची नावे परत छापली जाऊ लागली. तो चित्रपट १९७८ मध्ये आला. खर्च साडेपाच कोटी डॉलर.

स्वस्तातल्या सुपरमॅनचा वंश

आपण सुपरमॅन म्हटले की या १९७८ च्या चित्रपटातला ख्रिस्तोफर रीव्ह आठवतो. पण त्याआधीची तीस वर्षे पडद्यावरचा सुपरमॅन गरीबच होता, आणि मालेगावचा वंश तिथून लागतो.

१९४८ मध्ये चित्रपटगृहांसाठी पंधरा भागांची एक मालिका निघाली. कर्क अ‍ॅलिन सुपरमॅन झाला. त्याला दोराने टांगून उडवायचा प्रयोग जमला नाही, म्हणून त्याने उडी घेतली की पुढच्या क्षणी पडद्यावर चक्क रेखाटलेला सुपरमॅन उडताना दिसे आणि उतरला की पुन्हा माणूस. लोकांनी ते चालवून घेतले.

मग १९५१ मध्ये ‘सुपरमॅन अँड द मोल मेन’ आला. लांबी ५८ मिनिटे, चित्रीकरण सुमारे बारा दिवसांत. हा चित्रपट निघाला तो येऊ घातलेल्या दूरचित्रवाणी मालिकेची चाचणी म्हणूनच. पुढे त्याचेच दोन तुकडे करून ते त्या मालिकेत घातले गेले. सुपरहिरोच्या चित्रकथेवरून काढलेल्या स्वस्तातल्या टीव्ही चित्रपटांचा हा मूळपुरुष. जॉर्ज रीव्हज सुपरमॅन. गोष्ट एका लहान गावाची. जगातली सर्वांत खोल तेलविहीर खणली जाते आणि तिच्यातून जमिनीखाली राहणारे बुटके जीव वर येतात. ते कोणाला इजा करत नाहीत, पण वेगळे दिसतात म्हणून गावातले लोक बंदुका आणि दोर घेऊन त्यांच्या मागे लागतात. सुपरमॅनची लढाई त्या जिवांशी नाहीच. तो जमावापुढे उभा राहतो. त्या बुटक्यांच्या हातातले भीषण शस्त्र म्हणजे घरातला केर ओढायचे यंत्र होते, वर नरसाळे लावून सजवलेले. जाणकार आजही त्याला हसतात. पण विजेसारख्या शक्तीचा माणूस जमावाला घरी जा म्हणून सांगतो, हे दृश्य साडेपाच कोटींच्या चित्रपटातही मला दिसले नाही.

१९५२ ते १९५८ चाललेल्या त्या टीव्ही मालिकेत कापडाची एक गंमत आहे, ती वडील असते तर मी त्यांना सांगितली असती. पहिली दोन वर्षे चित्रीकरण कृष्णधवल होते. निळा आणि लाल हे दोन्ही रंग तशा फिल्मवर जवळपास सारखेच काळपट दिसत, म्हणून रीव्हजचा पोशाख तपकिरी, करडा आणि पांढरा शिवला होता. देशभरची पोरे ज्याला निळा-लाल समजून पाहत होती, तो प्रत्यक्षात मातकट रंगाचा होता. खांदे रुंद दिसावेत म्हणून आत गाद्या भरलेल्या. सुरुवातीला रीव्हजला तारेने टांगत. एकदा तार तुटून तो पडला. मग उसळत्या फळीवरून उडी मारून खिडकीबाहेर जाण्याची रीत पडली. फळी आपल्याला दिसत नसे, म्हणून तो उडाला असे आपण धरून चालायचे.

पुढच्या पिढीत अमेरिकन टीव्हीने आणखी चित्रकथा उचलल्या. १९७७ मध्ये ‘स्पायडरमॅन’चा दीड तासाचा टीव्ही चित्रपट आला, अमेरिकेबाहेर तो चित्रपटगृहांतही दाखवला गेला. त्याच वर्षी ‘हल्क’ आला, त्यात पहिलवानाला हिरवा रंग फासला होता. १९७८ मध्ये ‘डॉक्टर स्ट्रेंज’, १९७९ मध्ये मोटारसायकलवरचा ‘कॅप्टन अमेरिका’. पैसा कमी, म्हणून या सगळ्यांत मारामारी थोडी आणि बोलणे फार. आपल्या हिंदीतही १९६० मध्येच जयराज यांना घेऊन सुपरमॅन झाला होता आणि १९८७ मध्ये पुनीत इस्सर यांना घेऊन पुन्हा झाला. या दुसऱ्यात उडण्याची दृश्ये सरळ परदेशी चित्रपटातून उचललेली होती.

या सर्वांचा कर्ता नेहमी एकाच अडचणीपुढे उभा असतो. चित्रकथेत शाईची एक रेघ ओढली की माणूस उडतो. रेघेला पैसे पडत नाहीत. तोच माणूस हाडामांसाचा करून हवेत न्यायचा तर पैसे पडतात. ज्याच्याकडे ते नसतात, त्याला प्रेक्षकाशी करार करावा लागतो: थोडे मी दाखवतो, उरलेले तू मान. आम्हा विदर्भातल्या लोकांना हा करार नवा नाही. झाडीपट्टीतल्या नाटकाला रात्रभर बसलेला माणूस पडद्यावर रंगवलेला राजवाडा खरा धरतो आणि पहाटे डोळे पुसत घरी जातो.

माग आणि माणसे

मालेगावचा किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये बांधायला घेतला. त्या कामासाठी सुरतेकडून आणि उत्तरेतून कारागीर आले आणि तिथेच राहिले. पुढे १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि १८६० च्या दशकातला दुष्काळ यांनी उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर देशोधडीला लावले. ते आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकत गेले. बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी असे टप्प्याटप्प्याने वसले. त्यांच्याच भाऊबंदांची वस्ती आमच्या नागपुरात आहे आणि तिचे नावच मोमीनपुरा. कामठीतही ते आहेत. इकडे हलबा कोष्टी, तिकडे मोमीन. धर्म वेगळे, धोटा एक. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाचा माणूस गिरणीत गेला. मालेगावात मात्र माग घरातच राहिला, फक्त त्याला वीज जोडली गेली.

मी एकदा मालेगावला गेलो होतो, अकोला-जळगाव-धुळे असा एस.टी.ने. गावात शिरल्यावर आधी आवाज येतो. खडखड, न थांबणारा. मधून मोसम नदी वाहते; एका काठाला बहुतेक मुसलमान वस्ती, दुसऱ्या काठाला बहुतेक हिंदू. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालतात. बारा तास ताण्याकडे डोळे लावून बसायचे, धागा तुटला की जोडायचा. शुक्रवारी माग बंद, आणि शुक्रवारीच सिनेमा. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या कामगाराला मी म्हटले, माझे वडील गिरणीत होते. त्याने माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली. मला पुढे काही बोलवले नाही.

या गावाचे नाव बाहेरच्या जगाने दंगलींमुळे आणि २००६ व २००८ च्या सप्टेंबरांतल्या बॉम्बस्फोटांमुळे ऐकले. त्याच गावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत आणि लग्नांचे चित्रीकरण करत. चॅप्लिन, कीटन, ब्रूस ली पाहून ते शिकले; दुसरी शाळा नाही. २००० मध्ये त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. डाकूंना घोडे नव्हते, म्हणून ते सायकलींवर आले. गावातल्या व्हिडिओ पार्लरांवर लोकांच्या रांगा लागल्या. लेखक फरोग जाफरी, खलनायकाचे काम करणारे अक्रम खान, अशी मंडळी जमत गेली. बायका मात्र गावातून मिळत नसत. नायिका बाहेरून आणावी लागे.

मग सुपरमॅन. माहितीपटात तो कसा घडला ते सगळे दिसते. क्रेन नाही, तर बैलगाडीवर कॅमेरा चढवला. रुळांवरची गाडी नाही, तर सायकल. उडवण्यासाठी हिरव्या कापडाची युक्ती. ही युक्ती कापडाचीच आहे, म्हणून सांगतो. एका रंगाच्या पडद्यापुढे माणसाला धरून चित्रीकरण करायचे, मग संगणकाला सांगायचे की हा रंग जिथे दिसेल तिथे दुसरे चित्र भर. आकाश भरा, माणूस आकाशात. अट एकच, पडद्याचा रंग माणसाच्या अंगावर नको. निळ्या पडद्यापुढे निळा सुपरमॅन धरला तर तोच नाहीसा होईल. हॉलिवूडलाही या निळ्याने घाम फोडला होता. नासिरनी हिरवे कापड घेतले. त्यापुढे शफीकला आडवा लटकवला आणि घरच्या संगणकावर मालेगावचे आकाश त्याच्यामागे भरले. पाण्यातले दृश्य घेताना एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला. तो दुरुस्त होईपर्यंत काम थांबले. मध्येच शफीकचे लग्न झाले, तेव्हाही थांबले. सुपरमॅन लग्नाला गेला होता.

नक्कल

या चित्रपटांना शहाणी माणसे दोन नावे ठेवतात. एक, ही चोरी आहे. दुसरे, यात गरिबांचे हसे होते.

चोरीबद्दल कायदा काय म्हणेल ते वकील सांगतील. इतिहास सांगतो तो हिशोब वेगळा आहे. शुस्टरने सुपरमॅनची ऐट डग्लस फेअरबँक्सवरून घेतली होती आणि क्लार्क केंटचा बावळेपणा हॅरॉल्ड लॉइडवरून. म्हणजे तोही सिनेमा पाहून आलेला पोरगाच होता, नासिर शेखांसारखा. ज्यांनी सुपरमॅन निर्माण केला त्यांच्या हाती १३० डॉलर आले. तेव्हा मालकी या शब्दापुढे मी जरा थबकतो.

हसण्याचा आरोप मात्र मला लागला, कारण त्या नाडीला मी हसलो होतो. पण माहितीपट नीट पाहा. ती माणसे आपण काय करतो आहोत ते पुरते जाणून आहेत. मुंबईचा सिनेमा करायचा बेत त्यांचा नव्हताच. दुबळा, खोकणारा, नाडी लोंबणारा सुपरमॅन मुद्दाम रचलेला आहे. चित्र बनवणारा आणि पाहणारा एकाच मागावरचा असेल, तर तो विनोद आपसांतला असतो. आमच्या घरी वडील स्वतःच्या फाटक्या बनियनवर विनोद करत. तोच विनोद पाहुण्याने केला तर घरात शांतता पसरे. थिएटरात हसणारा मी कोण होतो, घरचा की पाहुणा, हे मला त्या रात्री ठरवता येईना.

आता तो सुपरमॅन लढतो कोणाशी ते पाहू. मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रू परग्रहावरून आलेला नाही. तो तंबाखू-गुटख्याचा धनी आहे. गावाने चघळावे, थुंकावे आणि घाणीत राहावे, यातच त्याचे भले. १९३८ चा खाणमालक आणि २००८ चा गुटखामालक शेजारी उभे करा. दोघेही रोजगारावरच्या माणसाचे आयुष्य थोडेथोडे खातात आणि दोघांनाही कायद्याची भीती नाही. क्लीव्हलँडच्या पोरांनी सुपरमॅन रचला तो यांच्याचसाठी. मधल्या सत्तर वर्षांत त्याला ग्रहगोल सांभाळायला लावले गेले. मालेगावने त्याला खाली उतरवून पुन्हा गल्लीतल्या कामाला लावला. हे काम नासिर शेखांनी जुने अंक वाचून केले असे मी म्हणत नाही. वाचायची गरज नव्हती. घर तेच असले की गोष्ट तीच निघते.

खर्रा

इथपर्यंत मी संशोधक म्हणून लिहिले. पुढचे लिहायचे की नाही, यावर दोन महिने घालवले.

गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीत माझा एक मित्र होता. १९७०-८० च्या त्या काळात मराठीतून इंद्रजाल कॉमिक्स यायचे. आम्ही ते भाड्याने आणत असू, एकाच्या भाड्यात दोघे वाचत असू. तो आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गळ्याशी बांधून गिरणीच्या चाळीच्या भिंतीवरून उड्या मारी. भीती त्याला ठाऊक नव्हती. त्याचे आईवडील दोघेही मागावरचे. शाळा सुटल्यावर तोही आधी गिरणीत बदली कामगार, मग गिरणी बसली तसा ऑटो चालवू लागला.

विदर्भात खर्रा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचे आणि गालात ठेवायचे. भूक मरते, झोप जाते, पाळी निघते. अकरावीत असताना त्याला पहिला खर्रा मी दिला. माझ्या पन्नीतला. ‘खाऊन तं पाह्य बे, काही होत नाही,’ असे मी म्हणालो होतो. माझा पुढे सुटला, कारण मला कार्यालयातली बैठी नोकरी लागली आणि साहेबासमोर थुंकता येत नसे. त्याचा सुटला नाही, कारण ऑटोत रात्री जागावे लागे. २०१६ मध्ये त्याचे तोंड उघडेनासे झाले. मग एक बोटही जाईना. शेवटी भेटलो तेव्हा बोलता येत नव्हते. त्याने पाटीवर लिहिले, ‘वेताळ मरत नसतो ना बे?’ आणि डोळ्यांनी हसला. मी त्याला तेव्हाही सांगितले नाही, की पहिली पुडी मला आठवते. त्याला आठवत होती की नाही, कोण जाणे.

शफीकलाही कर्करोगाने नेले. गुटख्याच्या धन्याशी पडद्यावर लढलेला तो पोरगा, तोंडाच्या कर्करोगाने, अगदी तरुणपणी गेला. २९ जून २०१२ रोजी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ देशातल्या चित्रपटगृहांत आला तेव्हा तो पाहायला नव्हता. त्यानंतर महिनाही झाला नसेल, जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तारखा शेजारी लागल्या म्हणून मी वहीत शेजारी लिहून ठेवल्या. बंदीनंतरही आमच्या चौकातल्या ठेल्यावर पन्नी घोटली जातेच.

त्या रात्री थांबवलेले चित्र मी पुन्हा सुरू केले. आता मला नाडीचे उत्तर सापडले होते, आणि ते अगदी साधे होते. बारा तास जो माग चालवतो, त्याच्या अंगावर त्या मागाचे कापड क्वचितच येते. ते कोरे गाठोड्यांतून बाहेर जाते, दुसऱ्या गावी रंगते, तिसऱ्या गावी शिवले जाते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मैलोगणती कापड विणले. त्यांचे दोन सदरे होते. शफीकचा पोशाखही तसाच, जमेल तिथून जमवलेला. पण त्याच्या चालीत संकोच नाही. पाठीवरचे लाल कापड वाऱ्यावर उडते आहे, आणि त्या कापडाखाली एक मागवाला छाती काढून चालला आहे.

मी पडद्यापर्यंत हात नेला होता, हे नंतर लक्षात आले. दोन बोटे पुढे करून. काच गुळगुळीत असते, पोत कळत नाही.